खडूबाई आणि आरामखुर्ची

त्यांच्या दारावर नावाची पितळी पाटी आहे आणि नावाखाली 'आर्किटेक्ट' असं ठळक लिहिलं आहे. पण ती पाटी वाचून दार वाजवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. जो येतो तो बाहेरूनच विचारतो, "खडूबाई इथंच राहतात ना?" आणि आतून त्या स्वतःच ओरडतात, "राहतात, आणि कामही इथंच करतात. या!" उत्तराचा दुसरा भाग त्या कधी गाळत नाहीत. जन्मभर त्या भांडल्या आहेत ते त्या दुसऱ्या भागासाठीच.

शिकत होत्या तेव्हा वर्गात मुली दोनच. दुसरी परीक्षेआधीच लग्न करून गेली. या मात्र शिकल्या, पास झाल्या आणि एका मोठ्या साहेबांच्या ऑफिसात लागल्या. साहेब बँका बांधत, थिएटरं बांधत. बाईंच्या वाट्याला आले संडास आणि जिने. "तुम्हा बायकांना घरगुती गोष्टी बऱ्या कळतात," असं साहेब वर तोंड करून म्हणायचे. बाईंनी ते मनावर घेतलं नाही, कारण त्यांना तेव्हाच एक गोष्ट समजली होती. इमारतीचं तोंड बिघडलं तर फार तर चार लोक नाक मुरडतात. जिन्याची पायरी चुकली तर माणूस पडतो आणि संडासाचा उतार चुकला तर सगळं घर बोंबलतं. खरं काम कुणाकडे आहे ते उघड होतं. बाई मान खाली घालून जिने काढत राहिल्या आणि त्यांच्या जिन्यावरून कधी कुणी घसरलं नाही.

मग एकदा साहेबांनी नोकरदारांसाठी घरं काढली. बाहेरून देखणी, आत स्वयंपाकघराला खिडकीच नाही. बाईंनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "इथं उभं कोण राहणार?"

"ज्याला स्वयंपाक करायचाय तो राहील," साहेब म्हणाले. सगळे हसले.

"मग आधी तुम्ही राहा. स्टोव्ह पेटवा, दार लावून घ्या आणि तासाभरानं बाहेर येऊन सांगा कसं वाटलं."

हसू थांबलं. बाईंची नोकरीही तिथंच थांबली. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "तुझंही बरोबर आहे आणि साहेबांचंही." नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. सगळे खंड, सगळे समुद्र त्याला पाठ होते, पण घरातल्या कुठल्याही भांडणात तो कधी किनाऱ्याला लागला नाही. जन्मभर कुंपणावर बसलेला माणूस. कुंपण टोचतं अशी त्याची तक्रारही नव्हती.

बाईंनी मग स्वतःचं काम सुरू केलं. नवी इमारत यांना कोण देणार? त्यांनी जुनी घरं धरली. इथं ओल येते, तिथं अंधार आहे, मुलगा मोठा झाला, बाबा पायऱ्या चढू शकत नाहीत, असली कामं. बरोबरीचे आर्किटेक्ट त्यांना 'दुरुस्तीवाल्या' म्हणायचे. म्हणोत बापडे. "नवं घर कुणीही काढतो, तिथं भांडायला कुणी नसतं," बाई म्हणायच्या. "माणसं आत राहत असताना घर बदलून दाखवा, मग बोलू."

ऑफिस भाड्यानं घेण्याऐवजी त्यांनी टेबल केलं. एका पाडकामातून जाडजूड सागवानी दार मिळालं होतं. सुताराकडून ते आडवं करून घेतलं आणि खाली पाय लावले. कुलपाच्या जागी भोक होतं ते तसंच राहिलं आणि त्यातून पेन्सिली खाली पडत राहिल्या. पुढच्या खोलीत, दाराला लागून, रस्त्याकडच्या खिडकीखाली ते टेबल बसलं. आलेला माणूस उंबरा ओलांडला की थेट टेबलापाशी; घरातून हिंडायला नको, स्वयंपाकघरात डोकवायला नको. त्यांचा मुलगा त्या टेबलाखाली रांगला आणि भोकातून पडलेल्या पेन्सिली गोळा करत वाढला. पुढं तोही आर्किटेक्ट झाला यात नवल ते काय.

आता खडूचं सांगायला हवं. टपाल वाटणाऱ्या एका माणसाच्या घराचं काम बाईंनी अगदी सुरुवातीला केलं होतं. बाईंनी नकाशा काढला, टेबलावर पसरला आणि टपालवाल्याच्या बायकोला एकेक रेघ समजावून सांगितली. ती प्रत्येक रेघेला "छान" म्हणाली. ओटा इथं? छान. दार तिथं? छान. भिंत उभी राहिली, ओटा झाला आणि पहिल्याच दिवशी ती ओट्याशी उभी राहून रडायला लागली. तिला एका कानानं ऐकू येत नव्हतं. ओट्याशी उभं राहिलं की तिची पाठ दाराकडे यायची आणि मागून कुणीही आलं की ती दचकायची. "नकाशातलं मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं हो बाई," ती म्हणाली, "पण तुम्ही इतकं जीव तोडून सांगत होतात, तुम्हाला नाही कसं म्हणू?"

बाईंनी तो ओटा फोडायला लावला आणि घरी परतताना खडूची पेटी विकत घेतली. तेव्हापासून त्यांची पद्धत ठरली. कागद नंतर, आधी फरशी. जिथं भिंत येणार तिथं खऱ्या मापाची रेघ, जिथं पलंग तिथं पलंगाएवढा चौकोन. गुळगुळीत फरशीवर कोरडा खडू उठत नाही, म्हणून त्या खडू पाण्यात बुडवून ओढतात. ओली रेघ दिसत नाही, पण सुकली की पांढरीशुभ्र उमटते. मग आठवडाभर त्या घरानं खडूत राहायचं. खडूच्या भिंतीतून आरपार जायचं नाही, दारानंच जायचं. आजोबांनी खडूच्या वळणावरून काठी टेकत संडासापर्यंत जाऊन दाखवायचं. बाई कोपऱ्यात स्टूल टाकून बसणार आणि कुणी रेघेवर पाय दिला की ओरडणार, "भिंतीतून नको! दारातून या!" शिवाय दोन नियम. घरात जो सगळ्यात शेवटी जेवायला बसतो, त्याला सगळ्यात आधी विचारायचं. आणि जी बाई नुसती "छान" म्हणते, तिच्यावर काडीचा विश्वास ठेवायचा नाही.

लोक आधी हसले, मग बोलावायला लागले, मग नाव विसरून खडूबाई म्हणायला लागले. बाईंना ते नाव पाटीवरच्या नावापेक्षा जास्त आवडतं.

तर अशा या खडूबाई साठी ओलांडल्यावर एका साइटवर पडल्या. अर्धवट जिना होता, कठडा बसायचा होता, आणि गवंड्यानं ठेवलेल्या घमेल्यावर पाय गेला. डावं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, आणि उजव्या हातात पेन्सिल, टेपचं एक टोक दातात धरून बाई पुन्हा कामाला लागल्या. प्लास्टर निघालं. मनगट थोडं आखडलं, बाकी काही नाही. बाईंच्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

मुलाच्या लेखी ते मिटलं नव्हतं. तो मोठ्या कंपनीत मोठमोठी ऑफिसं काढायचा. त्यानं काही न बोलता घराचा प्लॅन करायला घेतला. निमित्त न्हाणीघरातल्या गळतीचं होतं. "सगळंच एकदा नीट करून घेऊ, आई," तो म्हणाला. बाईंना आनंदच झाला. लोकांची घरं सुधारता सुधारता स्वतःच्या घराकडे बघायला त्यांना वेळ झाला नव्हता. दिव्याखाली अंधार.

एका सुटीच्या सकाळी त्यानं सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला. पडद्यावर त्यांचंच घर होतं, पण असं की ओळखू येऊ नये. सूनबाईंना मोठं स्वयंपाकघर. नातीला तिची वेगळी खोली, खिडकीत बसायला कट्टा. मागच्या मोठ्या खोलीचे दोन भाग करून एक आजी-आजोबांना: दोन पलंग, बागेकडे खिडकी, न्हाणीघरात धरायला दांड्या, न घसरणारी फरशी आणि खिडकीशी एक आरामखुर्ची, जिचा दांडा ओढला की पाय वर उचलले जातात.

"ही खुर्ची मी मागवलीसुद्धा," मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा लहानपणी पेन्सिल सापडल्यावर व्हायचा तसा झाला होता.

बाई पडद्यावर काहीतरी शोधत होत्या. पुढच्या खोलीत खिडकीखाली लांबलचक सोफा होता.

"आणि माझं टेबल?"

"ते माळ्यावर जाईल ना आई. तू आता किती दिवस दगदग करणार? फारच वाटलं तर पलंगावर बसून लॅपटॉपवर करता येईल की थोडंफार."

सून म्हणाली, "आई, आम्ही सगळ्यांनी तुमचाच विचार आधी केलाय."

आणि ते खोटं नव्हतं. दांड्यांची उंचीसुद्धा त्यानं बाईंच्या कोपराचा अंदाज घेऊन काढली होती. रागवायला धड जागाही ठेवली नव्हती लेकानं. या घरात कुणी वाईट नव्हतं, कुणी त्यांना हाकलत नव्हतं. फक्त उद्यापासून दार वाजवणाऱ्या माणसाला बसायला जागा नसणार होती आणि महिन्याभरात दार वाजायचं बंद होणार होतं. एवढ्या वर्षांचं काम गळक्या नळाबरोबर दुरुस्त होऊन जाणार होतं.

"कसं वाटलं?" मुलानं विचारलं.

बाई म्हणाल्या, "छान."

नवरा चष्मा पुसायला लागला. त्याला ऐकू आलं असावं. पण तो कुंपणावरचा माणूस, मूग गिळून गप्प राहिला.

"तर मग या घराच्या पद्धतीनं करू," बाई उठत म्हणाल्या. "भिंत पाडायच्या आधी आठवडाभर खडूत राहायचं."

"आई, थ्रीडीत सगळं दिसतंय की."

"दिसतंय. आता राहून बघू."

दुपारभर बाईंनी मुलाच्या प्लॅनवरून अख्खं घर फरशीवर उतरवलं. एक रेघ इकडची तिकडे केली नाही. जी भिंत पडणार तिच्यावर लाल खडूनं फुली मारली. टेबलावर मात्र चादर घातली. नातीनं विचारलं, "आजी, हे का झाकलं?" तर म्हणाल्या, "प्लॅनमध्ये नाही ना, मग आपल्याला दिसायला नको." संध्याकाळी आरामखुर्ची आली. ती मागच्या खोलीत, खडूच्या चौकोनात ठेवून घेतली. बाई खडूच्या दारातून आत गेल्या, खुर्चीत बसल्या, दांडा ओढला आणि पाय वर केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. गवंडी होता. "बाई, चौकट आतल्या अंगाला बसवू का बाहेरच्या?"

"मला नको विचारू. माझ्या खोलीत आराम सोडून काही करायची सोय नाही. मुलाचा नंबर घे."

मग सुताराचा फोन आला. मग फरशीवाल्याचा. सगळ्यांना एकच उत्तर आणि एकच नंबर. मुलगा ऑफिसात मीटिंगमध्ये, आणि त्याच्या खिशात फोन थरथरतोय. संध्याकाळी घरी येऊन, कधी नाही ते, त्यानं आईला चिडून विचारलं, "हे काय चालवलंयस?"

"तुझ्या प्लॅनमध्ये राहतेय. रेघेबाहेर पाऊल नाही टाकलेलं, विचार हवं तर बाबांना."

"नाही टाकलेलं," नवरा म्हणाला. तेवढं बोलून त्यानं वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

सून चहा घेऊन आली. आत येताना रेघ टाळून, वळसा घालून खडूच्या दारातून आली हे बाईंनी पाहिलं. सून गुणी होती.

"आई, तुम्ही रागावलात का?"

"नाही गं. खुर्ची मऊ आहे. फक्त एक सांग, चहा झाल्यावर मी काय करायचं?"

"आराम," सून म्हणाली, पण अशी की उत्तर चुकलं हे तिचं तिलाच कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी शिवणकाम करणारी बाई आली. दोन खोल्यांचं तिचं घर. बाहेरच्या खोलीत मशीन, आतल्या खोलीत वडील. वडिलांची वाचा गेली होती, हाक मारता येत नव्हती. मशीनवर बसून त्यांच्यावर नजर राहील अशी मधली भिंत फोडून हवी होती. किती फोडायची, कुठं फोडायची, याच्या रेघा खडूबाई त्याच दिवशी ओढणार होत्या आणि आठवड्यानं गवंडी यायचा होता. पुढच्या खोलीत टेबलावर चादर बघून ती दचकलीच. शोधत शोधत मागं आली.

"बाई! आजारी आहात?"

"आजारी नाही, आरामात आहे. आजारी असते तर बरी तरी झाले असते."

"मग माझी भिंत?"

बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं की चल, आत्ता निघू. ओठ घट्ट मिटून त्या तशाच बसून राहिल्या. त्या बाईचा उतरलेला चेहरा बघणं हे त्या आठवड्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. सुदैवानं मुलगा त्या दिवशी घरूनच काम करत होता. त्याला आपली आई अशी वागतेय याची लाज वाटली.

"मी येतो तुमच्याकडे," तो म्हणाला. "मीही आर्किटेक्टच आहे."

तो टॅबलेट घेऊन गेला. दिवेलागणीला परत आला तो सरळ मागच्या खोलीत, आणि चालताना खडूच्या भिंतीतून आरपार आला.

"भिंतीतून," बाई म्हणाल्या.

"आई, थांब जरा." तो पलंगाच्या काठावर बसला. "मी तिला उत्तम काढून दिलंय. मध्ये गोल कमान, खाली छोटा कट्टा. चित्र रंगवून दाखवलं."

"मग?"

"ती छान म्हणाली."

बाईंनी त्याच्याकडे मान वळवली.

"कमान दाखवली, छान म्हणाली. कट्टा दाखवला, छान म्हणाली. कट्टा काढून टाकू का म्हटलं, तरी छानच म्हणाली. मी निघालो तर दारापर्यंत आली आणि हळूच विचारते, बाईंना येऊन फक्त खडू घालता येईल का?" तो आपल्या हातातल्या टॅबलेटकडे बघत होता. "टपालवाल्याच्या बायकोची गोष्ट मी त्या टेबलाखाली बसून किती वेळा ऐकली असेल. म्हणून रस्त्यात आठवलं. परवा तूसुद्धा छानच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"मग तेव्हाच ओरडली का नाहीस?"

"तू इतकं जीव तोडून दाखवत होतास," बाई म्हणाल्या, "तुला नाही कसं म्हणू?"

मुलगा एकदम उसळला. "पण आई, तू पडलीस तेव्हा फोन मला आला होता! कुणीतरी अनोळखी माणूस म्हणाला, तुमच्या आई जिन्यावरून पडल्यात. एवढंच बोलला आणि फोन कट झाला. पुन्हा लागेपर्यंत मी काय काय बघितलं डोळ्यांपुढं, तुला माहीत आहे? प्रत्येक दांडी काढताना मला तेच दिसत होतं." त्याचा आवाज फुटला. तो रडतोय हे बघून दारात आलेली नात परत फिरली.

बाईंनी दांडा ओढून पाय खाली घेतले. मुलाचा हात हातात घेतला, त्याच आखडलेल्या मनगटानं.

"तू मला किती जपतोस ते कळतंय मला. पण ही खोली माझी नाही रे. ही तुझ्या भीतीची खोली आहे. तिला खिडकी दिलीस, बाग दिलीस, खुर्ची दिलीस, आणि मला आत ठेवलंस. माझी खोली काढताना तू मला सोडून सगळ्यांना विचारलंस. या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं?"

मुलानं त्या आखडलेल्या मनगटाकडे पाहिलं.

"पुन्हा पडलीस तर?" त्यानं विचारलं.

"तर पुन्हा प्लास्टर. पण ते हाताला घालतात. तू अख्खी आईच प्लास्टरमध्ये घातलीस."

पलीकडच्या पलंगावर बसलेल्या नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं, आणि भूगोलाच्या मास्तरांना हसू आवरेना. मुलालाही नाक पुसता पुसता हसू आलं. पण बाई हसल्या नाहीत. त्यांचं अजून व्हायचं होतं. त्या उठल्या, तीन दिवसांत पहिल्यांदा रेघेबाहेर पडल्या, पुढच्या खोलीत गेल्या आणि टेबलावरची चादर ओढून काढली.

"खडू दे," मुलगा मागून म्हणाला. "टेबलाला जागा करतो. तुझ्याच खोलीत, बागेच्या खिडकीशी. उजेड मस्त येतो तिथं."

"बागेला माझं काय काम आहे? दार रस्त्याकडे आहे. माणसं रस्त्यानं येतात. टेबल जिथं आहे तिथंच राहणार."

"आई, मग सोफा?"

"सोफा मागं."

"पाहुण्यांना मागं नेऊन बसवायचं?"

"पाहुणे येतात सणासुदीला. माझी माणसं रोज येतात." बाईंनी कंबरेला पदर खोचला. "आराम ज्याला करायचाय त्यानं मागं जाऊन करावा. पुढची खोली कामाची. दांड्या मात्र ठेव हो न्हाणीघरात, आणि ती न घसरणारी फरशीही. शहाणपणाला मी कधी नाही म्हटलंय?"

मुलानं ओलं फडकं घेतलं आणि स्वतःच्या हातानं सोफ्याची रेघ पुसली. पुसताना त्याला वाईट वाटत होतं, सोफा त्यानं फार मन लावून निवडला होता. मग त्यानं खडू पाण्यात बुडवला आणि टेबलाचं माप घेऊन चारी बाजूंनी रेघ ओढली. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. "अजून थोडी जागा सोड," त्या म्हणाल्या. "शिवणवाली जाड आहे, तिला खुर्ची मागं सरकवावी लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खडू घेऊन शिवणकामवाल्या बाईकडे गेल्या. मुलगा सुटी टाकून बरोबर गेला. बाईंनी आधी तिला विचारलंच नाही. त्या आत जाऊन तिच्या वडिलांच्या पलंगावर बसल्या आणि त्यांना काय दिसतं ते बघितलं. मग म्हाताऱ्यांच्या हातात खडू दिला. म्हाताऱ्यांनी भिंतीवर एक चौकोन काढला. गोल कमानीपेक्षा बराच खाली होता तो, आणि त्यातून मशीन नाही, मशीनवर बसलेल्या लेकीचं तोंड दिसणार होतं. शिवणकामवाली त्या चौकोनाकडे बघत राहिली आणि छान म्हणाली नाही. तिनं डोळ्यांना पदर लावला. मुलानं टॅबलेटवरची कमान तिथंच पुसली आणि न सांगता टेपचं दुसरं टोक धरलं.

पुढच्या आठवड्यात घराचं काम सुरू झालं. सोफा मागं गेला, खुर्चीही मागंच राहिली आणि तिचा ताबा नवऱ्यानं घेतला. दांडा ओढून, पाय वर करून तो जगाचा नकाशा बघत पडायचा. बाई पुढच्या खोलीत नव्या भिंतीची रेघ तपासत होत्या. ओणव्या, टेप दातात. तेवढ्यात दार वाजलं.

"खडूबाई इथंच राहतात ना?"

दातात टेप, बाईंना बोलता येईना. आणि मग मागच्या खोलीतून, आरामखुर्चीतून, जन्मात कधी कुठली बाजू न घेतलेला तो माणूस घसा ताणून ओरडला, "राहतात! आणि कामही इथंच करतात! या!"

बाईंनी चमकून मागं पाहिलं. त्यांना भरून आलं, पण भरून यायला वेळ नव्हता. आलेला माणूस उंबरा ओलांडून आत आला होता आणि आता सरळ ओल्या रेघेवर पाय देणार होता. बाईंनी दातातली टेप काढली.

"अहो, भिंतीतून नको!" त्या कडाडल्या. "दारातून या!"